सात नंबरचा फीडर

आमच्या ह्यांना माणसाच्या श्वासाचा भरवसा नाही. लग्न झालं तेव्हा असं काही नव्हतं. तेव्हा हे घोरायचे आणि मी कोपरानं ढोसायचे, चारचौघांसारखं चाललेलं होतं. पण एका डिसेंबरनंतर झोपेत कधी जाग आली तर माझ्या नाकाखाली ह्यांचा तळवा असायचा. पहिल्यांदा मी किंचाळून उठले होते. पुढे सवय झाली. "आहे हो अजून, झोपा आता," असं म्हणायचं आणि कूस बदलायची. मुलगी राहायला आली की तिच्याही खोलीत जाऊन बघून यायचे. जावयाला मात्र कधी तपासलं नाही, त्याचा तो अजून रुसवा धरून आहे.

हे मी चेष्टेवारी नेते, कारण चेष्टेवारी नेलं नसतं तर मला ह्यांच्याबरोबर संसार करता आला नसता.

हे वीज कंपनीत ऑपरेटर होते, सबस्टेशनवर. सबस्टेशन म्हणजे शहराबाहेर कुंपणात एक लांबट खोली. भिंतीला ओळीनं लोखंडी पॅनेल, प्रत्येकावर एक काटा आणि एक दांडा, टेबलावर फोन. बाहेर ट्रान्सफॉर्मरची घरघर. कुंपणाला लागूनच आमचं क्वार्टर होतं, त्यामुळे ती घरघर आमच्या जेवणात, झोपेत, भांडणातही असायची. शहराचा एकेक भाग एकेका पॅनेलवर. त्याला फीडर म्हणतात आणि फीडरला नावं नसतात, नंबर असतात. ह्यांना शहरातले रस्ते ठाऊक नव्हते, नंबर तेवढे पाठ. मी कपड्यांच्या दुकानात पँटी आखूड-लांब करायचं काम करायचे. दुकान कुठे आहे म्हणून कुणी विचारलं तर हे खुशाल सांगायचे, "चार नंबरवर." समोरचा माणूस बघतच राहायचा.

फीडरचे स्वभावही ह्यांना माहीत होते. दोन नंबर म्हणजे बडी मंडळी, दिवा नुसता मिचकावला तरी साहेबाच्या घरी फोन. पाच नंबर भांडखोर. आणि सात नंबर गरीब गाय. किती वेळ वीज घालवा, सातवरून कधी फोन यायचा नाही. हे सातवाल्यांचं नेहमी कौतुक करायचे. मला म्हणायचे, "शिक जरा त्यांच्याकडून."

त्या शहरात नाताळची मोठी रोषणाई असायची. मधल्या चौकात उंच झाड उभारायचे, त्याच्या शेंड्यावर तारा, चारी रस्त्यांवर दिव्यांच्या कमानी. लांबून लांबून माणसं बघायला यायची. त्या वर्षी तर रोषणाईच्या कमिटीनं कहर केला होता. दिवे इतके वाढवले की संध्याकाळ झाली आणि सगळे काटे लालवर गेले. वरून ह्यांना फोन आला, लोड उतरवा, एखादा फीडर काढा, म्हणजे बंद करा, पण चौकाला हात लावायचा नाही, पाहुणे आलेत. कुठला काढायचा ते वरचे सांगत नाहीत. ते ऑपरेटरवर असतं.

ह्यांनी सात काढला. बोंबाबोंब होणार नाही म्हणून काढला, दुसरं काही कारण नव्हतं. त्यांच्या जागी कुठलाही ऑपरेटर असता तरी त्यानं तेच केलं असतं. हे माझं मत नाही, पुढे चौकशीला आलेल्या साहेबाचंच वाक्य आहे.

सकाळी ड्यूटीवरून आले तेव्हा खुशीत होते. चहा पिता पिता सांगायला लागले, "चौक दिमाखात चालू ठेवला बघ. सात नंबर पाऊण तास बंद होता, पण एक फोन नाही. देवमाणसं आहेत!" मीही हसले. दुपारी ह्यांच्यानंतरच्या पाळीचा ऑपरेटर दारात आला आणि आत न येताच बोलला. सात नंबरवर चर्चच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी होती, मुलीबरोबर राहणारी. श्वासाच्या मशीनवर. वीज गेली तेवढ्यात ती गेली.

ह्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "फोन का नाही केला त्यांनी?" तेवढंच.

चौकशी झाली. ह्यांची चूक नाही असं ठरलं, कारण चूक नव्हतीच. उलट चौक अंधारात गेला नाही म्हणून साहेबानं पाठ थोपटली. ती थाप ह्यांच्या पाठीवरून कधी गेली नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या, दोन महिने घरी बसवलं असतं, तर माणूस वर आला असता. पण ह्यांना कुणी काही बोललंच नाही. मीही नाही. मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार होते, चहा पिताना हसणारी मीच ना.

हे एकदा औषधांच्या मोठ्या दुकानात गेले होते. तसलं मशीन मागितलं, सुरू करायला लावलं आणि म्हणाले, आता प्लग काढा. दुकानदारानं प्लग काढला. मशीन शिटी मारायला लागलं, बारीक, लांब. हे ऐकत उभे राहिले. "कधीपर्यंत वाजते?" विचारलं. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक पक्कं आहे, तो म्हणाला, काळजी करू नका, कुणी येईपर्यंत वाजत राहते. घरी येऊन हे सगळं त्यांनी मला सांगितलं. का सांगितलं देव जाणे. तेव्हापासून माझ्याही कानात ती शिटी आहे, मी तर ती ऐकलेलीसुद्धा नाही. रस्त्यानं कुणी शीळ घालत गेलं तरी आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि मग न बघितल्यासारखं करायचो.

बदली मागून घेतली. दुसरं शहर, दुसरं सबस्टेशन, पण घरघर तीच. घरात दिव्यांची माळ कधी लागली नाही. मुलगी शाळेतून कागदाचा तारा करून आली होती, आत बल्ब लावायचा होता तिला. हे रागावले नाहीत. तारा खिडकीत टांगला, छान झालाय म्हणाले, पण बल्ब लावला नाही. मुलगी रडून झोपली. दर डिसेंबरात संध्याकाळी हे मेन स्विचजवळ खुर्ची टाकून बसायचे. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात कुणी आजारी नव्हतं, पण बसायचे. मला वाटायचं आमच्या घरात आणखी एक बाई राहते. तिला दम लागतो आणि आम्ही दोघं तिची उठबस करतो.

मग हे रिटायर झाले. आता मला वाटलं, चला, सुटलो. आणि पहिल्याच डिसेंबरात ह्यांनी जेवता जेवता म्हटलं, "चार दिवस फिरून येऊ या का? नाताळची रोषणाई बघायला."

"कुठे?"

त्यांनी त्या शहराचं नाव घेतलं.

माझा घास हातातच राहिला. उभ्या जन्मात ज्या माणसानं मला सिनेमाला नेलं नाही, तो मला रोषणाई दाखवायला निघाला होता. मला सगळं समजलं. त्यांनाही समजलं की मला समजलंय. ते म्हणाले, "एकदा त्या म्हातारीच्या घरच्यांना तोंडावर सांगायचंय. मग ते काय म्हणतील ते म्हणतील." मी म्हटलं, "मग गरम कपडे घ्या, तिथे थंडी मरणाची असते." मनात म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. शिव्या बसू देत, नाहीतर माफी मिळू दे, पण त्या बाईला आमच्या घरातून जाऊ दे.

लॉजचा मॅनेजर थट्टेखोर होता. "या या, नवरा-नवरी! चौकाच्या बाजूची खोली दिलीय, लाइट लावायची गरज नाही," म्हणाला. खरंच होतं ते. संध्याकाळ झाली आणि खोलीची भिंत लाल झाली, मग हिरवी, मग निळी. हे पलंगाच्या कडेला बूट घालून बसले होते. चेहऱ्यावरचा रंग सारखा बदलत होता आणि मला काही केल्या त्यांचा खरा चेहरा दिसेना. मी पडदा ओढला. पडदा पातळ होता.

चौकात गेलो. मला आवडलं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं डिसेंबरात तोंड पाडून बसलेली बाई मी, त्या कमानीखाली उभी राहिले आणि मला पोरीसारखा आनंद झाला. झाड असं उजळलं होतं की खाली उभ्या माणसांच्या सावल्याच पडत नव्हत्या. पोरं खांद्यांवर बसली होती. मी ह्यांना दाखवायला वळले, तर हे झाडाकडे पाठ करून उभे. माणसांकडे बघत होते.

"एवढी माणसं असायची इथे?" मला विचारतात.

"मग काय? तुम्हीच तर लाइट द्यायचात."

"मला काटा दिसायचा गं फक्त," म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. गार पडला होता. गर्दीत मागे कुठेतरी कुणी शिटी वाजवली आणि आम्ही दोघंही थांबलो. पोरगं होतं, खेळण्यातली शिटी होती.

"चला," हे म्हणाले. "आत्ताच जाऊ. नंतर माझ्यानं होणार नाही."

चर्चच्या मागची गल्ली शोधावी लागली नाही. हे तिथे कधी पाऊल न टाकलेले, पण वर विजेच्या तारा बघत असे चालले होते की जणू रोज येतात. मध्ये एका खांबाला हात लावला आणि म्हणाले, "इथून सात सुरू." गल्ली झगमगत होती. दाराला माळा, कुंपणाला माळा, एका बाईनं स्टुलावर चढून तारा सरळ करायला घेतला होता. सगळ्या घरांमध्ये एकच घर काळं होतं. आत कुठेतरी एक पिवळा बल्ब होता, बाकी काही नाही. विचारायची गरजच पडली नाही.

दार उघडंच होतं. आत एक बाई बसली होती, माझ्याच वयाची. भोवती पुठ्ठ्यांचे ढीग. बेकरीसाठी केकचे खोके दुमडत होती. दोन घड्या, एक खाच, की खोका बाजूला. तिनं मान वर न करताच सांगितलं, "आमच्याकडे काही लावत नाही हो. पुढे बघा, कोपऱ्यावरचं घर छान असतं."

"आम्ही रोषणाई बघायला नाही आलो," हे म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "मी तेव्हा वीज कंपनीत होतो. तुमच्या आई गेल्या त्या दिवशी. सात नंबर मी बंद केला."

"कसला सात नंबर?"

"ही गल्ली. आमच्याकडे हिला सात नंबर म्हणतात."

तिचे हात थांबले. "आमच्या गल्लीला नंबर आहे?" ती म्हणाली. मग आमच्याकडे नीट बघितलं, उठली, ढीग सरकवून दोन खुर्च्या मोकळ्या केल्या. "बसा."

खोली छोटी होती. भिंतीला लागून लोखंडी पलंग, त्यावरही खोके रचलेले. पलंगाच्या उशाशी एक मशीन होतं, जुन्या चादरीनं झाकलेलं. टाकून का दिलं नसेल, असं माझ्या मनात आलं. आणि लगेच आमच्या मेन स्विचजवळची खुर्ची आठवली.

हे बोलले. मी त्यांना सलग इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. काटे, फोन, लोड, सातवाल्यांचा कधी फोन येत नाही म्हणून सात निवडला, सगळं सांगितलं. चहा पिताना हसलो तेसुद्धा सांगितलं. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी हे म्हणाले, "एक विचारायचंय. तुम्ही फोन का नाही केलात? मी पुढच्या मिनिटाला चालू केला असता. आईशपथ केला असता."

"घरात कुणी नव्हतं," ती म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"गल्लीतच कुणी नव्हतं. सगळे चौकात. त्या वर्षी नवीन दिवे होते ना." ती मशीनकडे बघत नव्हती, आमच्याकडेही नाही. "आई म्हणाली, जा, बघून ये, दिवसभर माझ्याजवळच असतेस. मी म्हटलं, पाच मिनिटांत येते. बॅटरी होती हो मशीनला. भरलेली होती, मीच भरून ठेवायची. लाइट गेले की नुसती एक कळ खाली करायची. तिचा हात पोचायचा नाही तिथपर्यंत, म्हणून मी. मी हाताशी असायला हवी होते. बाकी काही लागत नव्हतं."

इतकी वर्षं ह्यांनी जे एकट्यानं वाहिलं त्यात आणखी कुणाचा हात असेल, हे कधी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं. वाटलं, सुटले माझे. आता उठून हिला दोन शब्द बोलू आणि जाऊ.

पण तिचं संपलं नव्हतं. तिनं विचारलं, "मला एक कधी कळलं नाही. गल्लीतले लाइट गेले, मग चौकातले का नाही गेले? तिथे अंधार झाला असता तर मी धावत आले असते. मला कळलंच नाही घरी अंधार आहे म्हणून. मी त्या झाडाखाली उभी होते. इतकं छान वाटत होतं."

मी ह्यांचा गुडघा दाबला. जोरात दाबला. काही खोटं सांगा, जनरेटर होता म्हणा, काहीही म्हणा. हा माणूस मला जन्मभर कळला नाही तो तेव्हा कळला. खोटं बोलायला तो तिथे आलाच नव्हता.

"चौक चालू ठेवायचा म्हणूनच तुमची गल्ली बंद केली," हे म्हणाले.

बाहेरच्या माळांचा उजेड दारातून तिच्या पायांपर्यंत येत होता आणि पुढे येत नव्हता. चादरीखालचं मशीन कुठल्याही क्षणी वाजेल असं मला वाटायला लागलं. मला तिथून पळून जायचं होतं.

मग तिनं पुठ्ठा उचलला आणि एक खोका दुमडला. "एक करा," ती म्हणाली. आवाज अगदी व्यवहाराचा. "मी चौकात होते हे इथे कुणाला माहीत नाही. गर्दीत मला कुणी बघितलं नाही. मी सांगितलं, मी स्वयंपाकघरात होते, अंधारात कळ सापडली नाही. गल्ली तुम्हालाच दोष देते. लाइटवाल्यांनी म्हातारीला मारलं म्हणते. मी त्याच्यावरच दिवस काढलेत. ते मोडू नका."

माझ्या जिवाचा संताप झाला. मी म्हणणार होते, बाई, ह्यांनी कशावर दिवस काढलेत ते विचार एकदा! पण हे आधीच बोलले.

"राहू दे," म्हणाले. "माझ्याच नावावर राहू दे."

आम्ही बाहेर पडलो. ती दारापर्यंत आली. समोरची स्टुलावरची शेजारीण तारा लावून खाली उतरली होती, हात झटकत होती. "कोण गं पाहुणे?" तिनं विचारलं. ह्या घरी पाहुणे येत नसावेत.

दारातली बाई थांबली. तिला काहीही सांगता आलं असतं. बेकरीची माणसं म्हणाली असती तर चाललं असतं. ती ह्यांच्याकडे बघत राहिली. आणि हे, माझे, तिच्याकडे बघून हळूच मान हलवून हो म्हणाले.

"लाइटवाले," ती म्हणाली. "त्या वेळचे."

शेजारीण जवळ आली. म्हातारी होती, पण आवाज खणखणीत. "तुम्ही का ते? आज आलात? आता? अहो, आई होती ती आमच्या गल्लीची! जनावरं तरी बरी! तिकडे झाड लखलखत होतं आणि इकडे ती माउली अंधारात तडफडून मेली, लाज कशी वाटली नाही तुम्हाला?" बाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. कुणी काही विचारलं नाही, त्यांना सगळं माहीत होतं. ती बोलत राहिली, पोटातलं सगळं काढून बोलत राहिली. दारातली बाई चौकटीला धरून खाली बघत होती.

मी तोंड उघडलं. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती मला. आयुष्यात मी कधी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. ह्यांनी माझं कोपर धरलं, घट्ट.

"हो," हे त्या म्हातारीला म्हणाले. "मीच. चुकलो."

मी त्यांच्याकडे बघितलं. दिव्यांच्या उजेडात त्यांचा चेहरा अखेर नीट दिसला. तो उतरलेला नव्हता. इतकी वर्षं कुणी म्हणायला हवं होतं ते आज कुणीतरी म्हणत होतं आणि त्यांना बरं वाटत होतं. ती थांबली तेव्हा ते आणखी थोडा वेळ तिथेच उभे राहिले, आणखी काही उरलं असेल तर तेही ऐकायला. मला मात्र ते बघवेना, मी रडायला लागले.